कुंचीचा काठ आणि मनगटावरची पट्टी

तर झालं असं की सलग तीन आठवडे आम्ही एक बग शोधत होतो.

आमच्या टीमकडे एका क्लायंटच्या हेल्थ-पट्टीचं सॉफ्टवेअर आहे. मनगटावर चिकटवायची, पातळ, प्लास्टिकच्या कागदासारखी पट्टी. एकाच जागेवरून ती दोन कामं करते. हिरवा प्रकाश कातडीत सोडून नाडी मोजते, आणि तिथूनच हृदयाचे विद्युत सिग्नलही उचलते. म्हणजे कातडीला टेकलेला इलेक्ट्रोड असा हवा की त्यातून वीज वाहिली पाहिजे आणि प्रकाशही आरपार गेला पाहिजे. टेबलावर सगळं मस्त चालायचं. माणसाच्या हातावर लावली की दोन दिवसांत रीडिंग गायब.

अर्थातच संशय सॉफ्टवेअरवर. (नेहमी सॉफ्टवेअरवरच असतो.) लॉग वाचले, ब्लूटूथला शिव्या घातल्या, एका गरीब ज्युनिअरचा कोड तीनदा रिव्ह्यू केला. शेवटी हार्डवेअरच्या एका माणसाने वापरलेली पट्टी मायक्रोस्कोपखाली धरली. पारदर्शक थरावर आडव्या भेगाच भेगा! मनगट वाकलं की थर तडकत होता. कोड निर्दोष होता. आमचे तीन वीकेंड मात्र कोणी परत दिले नाहीत.

त्या तडकलेल्या थराचं नाव इंडियम टिन ऑक्साईड, म्हणजे आयटीओ. तुमच्या मोबाईलच्या पडद्यात तो बहुधा आहेच. काचेवर बसवला तर उत्तम, पण जात काचेचीच. दोन-तीन टक्के ताणला तरी तडकतो. आणि आपली कातडी सांध्यावर सहज तीस टक्के ताणली जाते! थोडक्यात, मनगटावर काच गुंडाळायचा तो प्रयत्न होता.

हे डोक्यात घेऊनच मी दिवाळीला पुलगावला गेलो.

पुलगाव म्हणजे मुंबई-नागपूर लाईनवरचं, वर्धा नदीकाठचं आमचं गाव. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींमुळे माहीत असतं, कापसाची गिरणी आणि लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. आर्वीला जाणारी छोटी लाईन होती, तीही आता इतिहासजमा. पुण्याहून रात्रभर प्रवास करून पोचलो की आजीचा पहिला प्रश्न "वाळला रे तू" हा असतो, वजन दरवर्षी वाढत असलं तरी.

यंदा आजीने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. ताईचं बाळ येणार होतं, त्याला कुंची हवी होती. ट्रंकेत माझीच जुनी कुंची निघाली. लाल कापड विटलेलं, पण कडेला शिवलेला जरीचा काठ अजून कुठेकुठे चमकत होता, बाकी काळा पडलेला. इंजिनिअर माणूस घरी गेला तरी बॅगेत मल्टिमीटर असतोच. काय वाटलं कोण जाणे, दोन्ही टोकं काठावर टेकवली.

टींऽऽऽ.

"काय करून राहिला रे?" आजी स्वयंपाकघरातून.

वीतभर अंतरावर जेमतेम दोन-तीन ओहम. मग टोकं काठाच्या आडवी धरली, म्हणजे एका जरीच्या रेघेवरून शेजारच्या रेघेवर. शांतता. मध्ये रेशीम. म्हणजे लांबीच्या दिशेने तार आणि रुंदीच्या दिशेने इन्सुलेशन! आपण कॉम्प्युटरमध्ये जी चपटी रिबन केबल वापरायचो, तिची हुबेहूब रचना. आणि ही केबल माझ्या डोक्याला गुंडाळलेली होती, मी सहा महिन्यांचा असताना.

उत्साहाच्या भरात ताईची नवीकोरी साडी आणली. काठ इतका झगझगीत की डोळे दिपावेत. मीटर ढिम्म. ताईचं तोंड उतरलं. (दुकानदाराने "प्युअर" सांगितलं होतं म्हणे. यानंतर मी घरातल्या कुठल्याच साडीला मीटर लावायचा नाही असं ठरलं.)

मग आजीने काठाची गोष्ट सांगितली. तिच्या लग्नातलं, १९६२ चं, नागपूरहून आणलेलं जरीकाठी लुगडं. १९८३ साली बाबांचा पॉलिटेक्निकला नंबर लागला आणि फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा जुनी जर विकत घेणारे लोक दारोदार फिरायचे. "तो माणूस आधी एक धागा काडीनं जाळून पाहे. रेशीम जळे, चांदी राहे. मंग वजन करे. मले चारशे रुपये देल्ले त्यानं." पदर गेला, दोन्ही काठ गेले. द्यायच्या आधी तिने हातभर काठ कापून ठेवला होता. तोच चौदा वर्षांनी माझ्या कुंचीला लागला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. पुढचं सगळं त्या रात्रीचं आणि नंतरच्या दोन-तीन वीकेंडचं.

आधी जर म्हणजे काय ते नीट बघू, कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. मला वाटायचं सोनेरी धागा. प्रत्यक्षात ते रेशमावर गुंडाळलेलं धातूचं स्प्रिंग आहे. चांदीची कांब घ्यायची, तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवायचा, तापवून-ठोकून एकजीव करायचा. मग ती कांब जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढायची. मोठं भोक, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान... केसासारखी तार होईपर्यंत. हे काम तारकसाचं. मग ती तार ठोकून चपटी करायची, तो झाला बादला. आणि तो बादला पिवळ्या-केशरी रेशमाच्या धाग्यावर गोल गोल गुंडाळायचा, म्हणजे कलाबतू. प्रत्येक पायरीला वेगळे कारागीर.

यात एक गोष्ट आहे जी वाचून मी अक्षरशः उठून बसलो. सोनं कांबेवर एकदाच चढवतात, पण तार शंभर मैल ओढली तरी ते वरच राहतं. चांदी जितक्या पटीने बारीक होते, तितक्याच पटीने सोन्याचा थरही पातळ होतो. हिशोब करून बघा. समजा वजनाने एक टक्का सोनं आहे. सोनं चांदीच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणजे आकारमानाने अर्धा टक्का. तार ०.१ मिलिमीटर जाडीची झाली की तिच्यावरचं सोनं साधारण १३० नॅनोमीटर उरतं. चपटी केल्यावर आणखी कमी. मोबाईलमधला आयटीओचा थर? तोही साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर! आमच्या क्लायंटच्या फॅक्टरीत तो व्हॅक्यूम चेंबरमध्ये बसवतात. तारकस तो हाताने चाक फिरवून ओढायचा.

थांबा. "आमच्या पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी ठाऊक होती" असा फॉरवर्ड याच्यावरून कृपया बनवू नका. तारकसाला वीज वाहून न्यायची नव्हती. त्याला कमीत कमी सोन्यात जास्तीत जास्त चमक हवी होती. पण कमी धातू, लवचिक पाया, न तुटणारी लांब वाट, हे गणित त्याने सोडवलं होतं, आणि तेच गणित आज सोडवायला लोक पीएचडी करतात.

आता तुम्ही म्हणाल, लवचिकपणा समजला, पण जर कुठे पारदर्शक असते?

त्यासाठी आमच्याच लाईनवरून पश्चिमेला जायचं, भुसावळला गाडी बदलायची आणि बऱ्हाणपूरला उतरायचं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशाला लागूनच. जाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली छापलं गेलं. त्यात तो सांगतो की बऱ्हाणपूर आणि आसपासच्या मुलखात अतिशय पारदर्शक मलमल प्रचंड प्रमाणात विणली जाते आणि इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते. काही ठाणांत पांढऱ्या कापडावर लांबीभर सोन्याच्या किंवा चांदीच्या एक-दोन रेघा असतात आणि दोन्ही टोकांना सोनं, चांदी, रेशमाचं फुलांचं विणकाम, ज्याला उलट-सुलट बाजूच नसते. (पैठणी नीट बघितलेल्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.)

आरपार दिसणारं कापड आणि त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली धातूची रेघ. पारदर्शक, लवचिक, वीजवाहक! मलमलीच्या त्या ठाणाला कोणी मल्टिमीटर लावला नाही एवढंच, कारण व्होल्टाचा जन्म व्हायला अजून साठ-सत्तर वर्षं होती.

पारदर्शक असण्याचे मुळात दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे अख्खा थरच असा बनवायचा की त्यातून प्रकाश जाईल. दुसरा म्हणजे धातू धातूच ठेवायचा, फक्त तो विरळ पसरायचा आणि मधल्या भोकांतून प्रकाश जाऊ द्यायचा. दर दोन मिलिमीटरला ०.२ मिलिमीटरची एक पट्टी टाकली तर दहा टक्के जागा झाकली जाते, नव्वद टक्के प्रकाश पार होतो. गंमत म्हणजे चांगला आयटीओही साधारण तेवढाच प्रकाश सोडतो.

जगाने आधी पहिला मार्ग धरला. मायकेल फॅरडेने १८५७ साली सोन्याच्या वर्खातून प्रकाश जातो तेव्हा तो हिरवा दिसतो हे दाखवलं. धातू पुरेसा पातळ केला तर तोही पारदर्शक होतो. पण फार पातळ केला की वीज वाहायची पंचाईत. मग १९०७ साली जर्मनीत कार्ल बेडेकर नावाच्या फिजिसिस्टने कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला. त्याचं ऑक्साईड झालं, थर पारदर्शक झाला, आणि तरीही वीज वाहत होती. (हा प्रवासाच्या प्रसिद्ध गाईडबुकवाल्या बेडेकर घराण्यातला. लोणच्यावाल्या बेडेकरांशी संबंध नाही, मीही आधी दचकलो. बिचारा १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्या झाल्या मारला गेला.) दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचांवर बर्फ साचू नये म्हणून काचेवर टिन ऑक्साईडचा थर देऊन त्यातून वीज सोडायचे. मग इंडियममध्ये थोडं टिन मिसळलं की काम आणखी चांगलं होतं हे लक्षात आलं. नंतर एलसीडी आले, २००७ साली आयफोन आला, आणि आयटीओ प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला.

काच सपाट होती तोवर कोणाचीच तक्रार नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सला अंगावर चढायची हौस आली तेव्हा घोडं अडलं.

इथे माझ्या आवडीचा प्रसंग येतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट, मॅगी ऑर्थ आणि त्यांचे सहकारी कपड्यातच सर्किट बनवायच्या मागे होते. कपड्यावर वायर चिकटवायची नाही, कपडाच वायर. त्यांना कापड सापडलं ते धातूचं सिल्क ऑर्गन्झा. एका दिशेला साधं रेशीम, दुसऱ्या दिशेला तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेलं रेशीम. धागे एकमेकांपासून अंतरावर, म्हणून प्रत्येक धागा वेगळी वायर. अशा दोन कापडांचे धागे उभे-आडवे धरून, मध्ये जाळी घालून त्यांनी कापडाचा कीबोर्ड केला. दाबलं की उभा धागा आडव्याला टेकतो आणि कुठे दाबलं ते कळतं. टचस्क्रीनच्या आतही अशीच उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. २००० साली आयबीएमच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय की असं कापड भारतात निदान शंभर वर्षं तरी शोभेसाठी विणलं जातं.

निदान शंभर! ताव्हेर्निएला विचारायला हवं होतं. असो, चूक काहीच नाही त्यात. आणि त्यांनी ते लिहिलं तरी. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, घरात ट्रंकेत तीच रचना पडलेली असताना रिबन केबल ही तैवानहून येणारी वस्तू समजत होतो.

यानंतर विरळ धातूवाला दुसरा मार्ग जोरात सुरू झाला, फक्त हजारो पट लहान मापात. २००२ च्या सुमारास सिॲटलला युनान शिया यांच्या गटाने चांदीच्या नॅनोवायर रसायनाने वाढवायची पद्धत बसवली. चांदीचा क्षार इथिलीन ग्लायकॉलमध्ये (तेच, गाडीच्या कूलंटमधलं) तापवायचा, त्यात एक पॉलिमर टाकायचा. पॉलिमर चांदीच्या कणांच्या कडांना चिकटून बसतो, त्यामुळे कण जाड न होता लांबच लांब वाढतात. जाडी शंभर नॅनोमीटरच्या आत, लांबी कित्येक मायक्रॉन. ही शाई प्लास्टिकवर फासली की तारा एकमेकींवर पडून जाळं तयार होतं. चांदी इतकी विरळ की डोळ्याला काही दिसत नाही, आणि वाकवलं तरी तारा काचेसारख्या फुटत नाहीत. तारकसाचं जंतर गेलं, काचेचं चंचुपात्र आलं, बाकी चांदी तीच. हेतू मात्र बरोब्बर उलटा. तारकसाला धातू दिसायला हवा होता, आम्हाला तो लपवायचाय.

याही जाळ्यात एक खोट आहे. तार तारेवर नुसती पडलेली असते, त्या टेकण्याच्या जागी वीज अडखळते. त्यावरचा सगळ्यात भारी तोडगा मी वाचला तो बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधला, जी. यू. कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा, २०१४ च्या आसपासचा. प्लास्टिकवर असा लेप द्यायचा जो सुकताना आपोआप तडकतो. भेगांचं जाळं तयार होतं. वरून धातूची वाफ सोडायची, ती भेगांत जाऊन बसते. मग लेप धुऊन टाकायचा. मागे उरतं ते भेगांच्या आकाराचं धातूचं जाळं, आणि भेगा मुळातच एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे कुठेही सांधा नाही!

वैशाखात आमच्याकडची काळी कापसाची जमीन पाहिली असेल तर हे चित्र समजावून सांगायला लागणार नाही. पाऊल अडकेल एवढ्या भेगा, आणि एकही भेग एकटी नसते. लहानपणी त्या भेगांत मी गोट्या घालवल्या आहेत. ज्या तडकण्याने आमचे तीन वीकेंड गेले, त्याच तडकण्याला यांनी साचा बनवलं. त्यातून बनवलेले इलेक्ट्रोड सोलर सेलमध्येही वापरून पाहिले गेलेत.

ताईच्या साडीचं राहिलंच. आजची बहुतेक जर म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म. तिच्यावर व्हॅक्यूममध्ये ॲल्युमिनियमचा थर देतात, वर रंगीत लाखेचा लेप, आणि मग तिच्या केसाएवढ्या पट्ट्या कापतात. लेपामुळे मीटर वाजत नाही. (वाजला म्हणून चांदी असं मात्र समजू नका, तांब्याची जरही वाजते.) पण प्लास्टिकच्या रोलवर व्हॅक्यूममध्ये धातू बसवणं, हीच तर लवचिक इलेक्ट्रॉनिक्सची पायाभूत प्रक्रिया! आमच्या क्लायंटची ती तडकलेली फिल्म ज्या प्रकारच्या मशीनवर बनते, तिची चुलत बहीण साड्यांची खोटी जर बनवते. एकीने तारकसाचा धंदा बसवला आणि दुसरीला आता तारकसाची युक्ती हवीय. त्याआधी युरोपातून आलेल्या स्वस्त जरीनेही त्याला हलवलं होतंच.

आणि हा इतिहास पुरेसा दिसत का नाही, याचं उत्तर आजीनेच दिलं होतं. जुनी दगडी मूर्ती विकून फी भरता येत नाही, म्हणून ती राहते. जुनी जर वितळवता येते. किती पदर त्या माणसांच्या काडीखाली गेले असतील, त्यांत किती बऱ्हाणपूरचे, किती पैठणचे, कोण मोजणार? आजीच्या पदराचं पॉलिटेक्निक झालं. बाबा डिप्लोमा झाले म्हणून मी डिग्री झालो. तो पदर विकायला नको होता असं म्हणायचा अधिकार घरात सगळ्यात कमी मला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठाची एक बाजू उसवून, भिंगातून धागे बघत बसलो होतो. एका जागी बादला तुटून रेशीम उघडं पडलं होतं. तरी त्याच रेघेतल्या शेजारच्या धाग्याला तो चिकटून होता, म्हणून मीटर वाजत होता. आजी येऊन बाजूला बसली.

"झालं का तुहं? त्या लेकराले कुंची लागन ना."

"आजी, हा काठ मी पुण्याला नेऊ? फोटो काढतो, परत देतो."

"फोटो इथंच काढ." तिने सुईत दोरा ओवून माझ्यापुढे धरला. "अन् उसवलं कोनं? त्यानंच शिवाचं."

शिवलं. टाके वाकडे आलेत, पण काठ नव्या कुंचीवर लागलाय. लावायच्या आधी दोन्ही टोकांना मीटर टेकवून पाहिला. लावल्यावर पुन्हा एकदा.